नामदेवरावजींची मोरी

आमच्या शेजारचे नामदेवरावजी कुणाकडे गेले की ग्लासातलं अर्धंच पाणी पीत. उरलेलं अर्धं यजमानांच्या फरशीवर ओतत आणि ते कुठल्या कोपऱ्याकडे निघतं हे वाकून पाहत बसत. पाणी जागच्या जागी थांबलं की मान हलवून म्हणत, "ढाळच नाई." घरातल्या बाईने फडकं आणेपर्यंत निकाल लागलेला असे. आमची फरशी त्यांनी वास्तुपूजेच्या दिवशीच नापास केली. भटजी अजून पाटावर होते. बायकोने त्यानंतर त्यांना कपात पाणी द्यायला सुरुवात केली.

ढाळ म्हणजे फरशीचा उतार. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. पण गूळ-तेलात हात असले तरी जीव सगळा सांडपाण्यात. सत्तरच्या दशकात वर्ध्यालगत आमच्या पिपरी मेघेत शेतांचे नुकते प्लॉट पडू लागले होते. कुणी पाया खणायला घेतला की हे दुकान नोकरावर टाकून तिथे हजर. येताना दिसले की मिस्त्री लोक चहाला निघून जात. माणसांनाही ते त्याच मापाने मोजायचे. माझ्या मेव्हण्याला स्थळ आलं तेव्हा मुलीच्या वडिलांना भेटून आले आणि म्हणाले, "मानूस बरा हाये, पन बोलन्याले ढाळ नाई. एकाच जागी तुंबते." लग्न झालं, आणि सासरेबुवा खरंच तसे निघाले.

त्यांचे थोरले भाऊ रोहण्याला शाळेत मास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजी निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, मूलबाळ नव्हतं. नामदेवरावजी जाऊन म्हणाले, "दादा, इथं एकटे काऊन राह्यता? माह्याकडे चाला." भावाच्या संसारात पाय पसरायला गुरुजी तयार होईनात. तेव्हा यांनी घरामागच्या बगिच्यात, पेरू आणि लिंबांच्या मधे, वेगळी खोली बांधायला काढली. तिला तिची स्वतःची न्हाणी, स्वतःचा नळ, स्वतःची मोरी. चिनी मातीचे पाइप त्यांनी मडकं घ्यावं तसे एकेक वाजवून घेतले.

भांडण झालं ते त्या पाइपांवरून. न्हाणीचं पाणी बगिच्यातल्या केळींना सोडायचं, असं नामदेवरावजींनी ठरवलं होतं. गुरुजींना ते रस्त्याच्या नालीत जायला हवं होतं. नालीत ते सगळ्यांच्या पाण्यात मिसळून जाईल, केळींपाशी आपल्या एकट्याच्या आंघोळीचं पाणी चारचौघांच्या नजरेस कशाला, हा त्यांचा मुद्दा. बोलण्याला बोलणं लागलं आणि गुरुजी मिस्त्रीच्या देखत म्हणाले, "नाम्या, गूळ तोलनं येगळं अन् ढाळ काढनं येगळं. तुले यातलं काय समजते?"

दुसरं काहीही म्हणाले असते तर चाललं असतं. नामदेवरावजींनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि निघून गेले. पाइप केळींकडेच गेला. गुरुजी खोलीत राहायला आले, पण दोघा भावांमधलं बोलणं बंद झालं ते झालंच. सकाळचा चहा गुरुजी स्टोव्हवर स्वतः करत. जेवणाचं ताट नामदेवरावजींच्या घरच्या वहिनी डोक्यावर पदर घेऊन पोचवत. "आधी त्यायनं बोलावं," हे मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे. मध्यस्थी करायला गेलो, तर नामदेवरावजींनी माझ्या फरशीचा विषय काढला.

रोज सकाळी मात्र ते केळींजवळ स्टूल टाकून, चहाची बशी हातात घेऊन, पाइपाच्या तोंडाशी बसत. वेड वाढलं, असं आम्ही समजलो. कुंपणावरून मी विचारायचो, "काय पाहून राह्यले, नामदेवरावजी?"

"ढाळ."

मग फेसाचं पाणी आलं की स्वतःशीच पुटपुटत, "दाढी झाली." जरा वेळाने भरभरून पाणी आलं की, "आज डोक्यावरून न्हाले." एवढं झालं की स्टूल उचलून दुकानात जात.

एका थंडीत, ऊन कुंपणावर चढलं तरी नामदेवरावजी स्टुलावरच होते. बशीतल्या चहावर साय धरली होती. पाइपाचं तोंड कोरडं.

"तुमच्या नळाले पानी हाये का?" त्यांनी मला विचारलं.

"हाये की."

ते उठले. मोरी मोकळी करायची बांबूची कमची हातात घेतली आणि खोलीकडे निघाले. चेहरा पाहून मीही कुंपण ओलांडलं. दाराशी ते थबकले. घसा खाकरला. दोन पावसाळ्यांनंतरचा तो पहिला शब्द होता.

"दादा, मोरी तुंबली का?"

आतून खोल गेलेला आवाज आला. "मोरी बरी हाये रे. मीच पडून हावो."

दार नुसतं लोटलेलं होतं. गुरुजी खाटेवर तापाने फणफणले होते. उठायचंही त्राण नव्हतं. नामदेवरावजींनी कपाळावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. दुसऱ्या हातात कमची तशीच.

"मंग हाक काऊन नाई मारली?" आवाज चिडका होता.

"हाक मारली असती तं अबोला माह्यानं मोडला असता," गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले. "तू तं रोज बसतेच ना तिथं. म्हटलं, पानी नाई गेलं का नाम्या येईनच. म्हनून रातीच कडी काढून ठेवली."

मला त्या खोलीत उभं राहवेना. डॉक्टरला आणतो म्हणून वळलो. जाताना पाहिलं, नामदेवरावजींनी गुरुजींची मान उचलून त्यांना पाणी पाजलं. अर्धा ग्लास उरला. तो त्यांनी फरशीवर ओतला नाही. पुन्हा लागेल म्हणून हातातच धरून खाटेशेजारी बसून राहिले.