गाडीखान्याचा कारखाना जाहला, त्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. करवतीस धार, हातास जोर आणि बोटांस अभय असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, फाल्गुनमास. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु हकीकत आनंदाची. एका लहानशा राज्यी दुमजली महाल, पुढे अंगण आणि बाजूस गाडीखाना, ऐसा मुलूख होता. तेथे श्रीमंत दिगंबरपंत राज्य करीत. म्हणजे पाटीवर नाव पंतांचे आणि हुकूम राणीसाहेब उर्मिलाबाईंचा. पंत कचेरीच्या चाकरीतून निवृत्त जाहले आणि हात रिकामे पडले. लहानपणापासून लाकडाचा नाद, परंतु सारा जन्म कागद सारण्यात गेला, याची खंत त्यांचे पोटी बहुत होती. मग मनी आणिले की, थोर दौलतीस अठरा कारखाने असतात, आपले दौलतीस एक तरी असावा, आणि तो सुतारकामाचा असावा.

परंतु गाडीखान्यात राणीसाहेबांची तांबडी मोटार नांदत होती आणि तिजवर बाईंचा जीव. पंतांनी चहाचे वेळी अर्ज केला. बाई वदल्या, "करा की. पण माझी गाडी आतच राहील. ती उन्हात गेली, तर तुमचा कारखाना भंगारात गेला म्हणून समजा." ऐसा तह ठरला. पंतांस मात्र "करा की" इतुकेच ऐकू आले, आणि स्वारी स्वयंपाकघरातच नाचो लागली.

मग मोहीम निघाली. प्रथम अडगळीवर चाल केली आणि गाद्या निघाल्या, डबे निघाले, आणि मोडका कूलर कोपरा धरोन बसला होता, त्यासही दोरी बांधोन फरफटत बाहेर आणिले. मग भिंतीस चुना जाहला, दिवे लागले, करवती आणि पकडी खिळ्यांवर टांगिल्या, आणि सागाचे लांबरुंद मेज पंतांनी स्वहस्ते उभारोन भिंतीस बोल्टांनी जखडिले. गाडीचे माप फार बारकाईने घेतले होते. आरसे, ज्यांस त्या घरी गाडीचे कान म्हणत, तेही मुडपोन मापिले आणि दोहों अंगी वीतवीत जागा उरली. पंत छाती फुगवोन म्हणाले, "सूतभर चूक नाही!"

मुहूर्तास नारळ फुटला, शेजारचे वकील नरहरपंत पेढे घेवोन हजर जाहले, आणि राणीसाहेब खासा मोटारीत बैसोन आत शिरल्या. कोठे ओरखडा नाही. पंतांनी टाळ्या पिटिल्या. मग बाई उतरू गेल्या, तो दार वीतभर उघडोन मेजास अडले. पलीकडचे दार भिंतीस अडले.

"अहो, मी उतरू कुठून?"

"अगं थांब, मी बघतो."

"आता काय बघताय? गाडीत माणूस असतं, हे माप घेताना सुचलं नाही?"

नरहरपंत तोंडात पेढा धरोन म्हणाले, "वहिनी, माप मात्र चोख हो!"

पंतांचे तोंड एवढेसे जाहले. तहाप्रमाणे एकतर गाडी, नाहीतर मेज. डोळ्यांस पाणी आले, ते धोतराचे सोग्यास पुसावे तर अंगात विजार, म्हणोन बाहीस पुसिले आणि पान्हा उचलिला. "मेज काढतो मी," हळूच बोलिले.

बाई खिडकीची काच उतरवोन बसल्या होत्या. कोपराशीच मेज, वरी शिकंज्यात फळी आवळलेली आणि शेजारी रंधा. त्यांनी विचारिले, "हे कसं चालवतात?" पंतांनी हाताने दाखविले. मग बाईंनी खिडकीतून दोन्ही हात काढोन रंधा धरिला आणि फळीवरी फिरविला, तो पातळ छिलका वळसे घेत निघाला आणि सागाचा वास मोटारभर पसरला. आणिक एकदा फिरविला. आणिक एकदा.

"पान्हा ठेवा खाली," बाई म्हणाल्या. "गाडी बाहेर राहील."

"अगं, पण ऊन?"

"लागू दे. आणि तुम्ही दुसरा रंधा आणा. हा माझा."

ऐसा तह मोडला, तो उभयतांचे संतोषे मोडला. मोटार उन्हात राहिली, राजाराणी सावलीत राहिली. दौलतीचा कारखाना चालू आहे. कळावे.