पाहुण्याशिवाय घास नाही

यावलहून सातपुड्यात चढणाऱ्या रस्त्यावर धोतरातला एक म्हातारा हातात पळी घेऊन मधोमध उभा दिसला, तर घाबरू नका. अपघात वगैरे झालेला नसतो. नानांना भूक लागलेली असते.

मी ठिबकच्या नळ्या विकतो. वरच्या गावांत माझी नेहमीची फेरी असते. नानांनी मला पहिल्यांदा अडवलं तेव्हा मी मोटारसायकल कशीबशी सावरली.

"काय झालं, बाबा?"

"माले भूक लागनी शे."

"मग जेवा की!"

"पाहुना कोठे शे?" असं म्हणून त्यांनी माझ्या गाडीची चावी काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

मागे त्यांचं लॉज होतं. दगडी भिंती, सागाचं छप्पर, ओसरीवर लांबलचक बाक. त्यांच्या आजोबांनी सोनगीरहून येऊन ते बांधलं. हिवाळ्यात जळगाव-धुळ्याची कुटुंबं येतात आणि जागा पुरत नाही. खोल्यांना कुलूप नाही. सकाळी प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न, "पाठ टेकनी का?" नीट टेकली नसेल तर गादी बदलते, पाहुणा निघायला उभा असला तरी!

पूर्वी चूल नानींच्या ताब्यात होती. त्या वारल्यापासून नाना स्वतःच वांगी भाजतात. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. "बठ, बठ्ठं तुनंच शे!" म्हणजे सगळं तुझंच, असं म्हणत ते वाढतात आणि मग स्वतःचं ताट घेऊन आपल्याशेजारी बसतात.

"आमना आजाना नियम शे. पाहुनाबिगर मालकनी घास लेवाना नही."

या नियमाला एक शेपूट आहे. पाहुणा खायचा थांबला की मालकही थांबतो. एकदा जळगावची एक मुलगी आली. तिचं डाएट चालू. अर्धी भाकरी खाऊन ती उठली. नानाही अर्ध्या भाकरीवर उठले आणि दिवसभर डाएट काढणाऱ्याचा उद्धार करत बसले. त्यांचे लाडके पाहुणे म्हणजे केळीच्या ट्रकचे ड्रायव्हर. ते आले की नाना पोटभर जेवतात.

हे सगळं ऐकायला गमतीचं. पण पावसाळ्यात दरड आली, रस्ता बंद पडला की नाना नुसत्या चहावर राहतात. यंदा तर ते पार वाळले होते. मी चांगलाच चिडलो.

"नाना, हा नियम एक दिवस तुमचा जीव घेईल!"

"आजाना शब्द शे, भाऊ," म्हणाले. विषय संपला.

दिवाळीनंतर त्यांच्या थोरल्या बहीण, सोनगीरच्या अक्का, चार दिवस राहायला आल्या. नाना मागच्या अंगणात वांगी भाजत होते. मी ओसरीवर अक्कांपाशी बसून त्यांच्या आजोबांवरचा राग काढला. असला कसला नियम करून ठेवला त्यांनी?

अक्का डोळे मोठे करून बघायला लागल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या.

"आमना आजा? तो त बठ्ठासना पहिले ताटवर बसे! पाहुनासले मांगून वाढेत!"

हसता हसता त्या थांबल्या. अंगणाकडे बघत हळूच म्हणाल्या, "वहिनी गयी, तवयपशी त्याले एकला घास उतरत नही. लाज वाटस सांगाले, म्हनीसन आजानं नाव पुढे करस."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात नाना राखेने काळे झालेले हात पुसत आले.

पुढच्या आठवड्यात यावलला एका लग्नात मी दुपारी गळ्यापर्यंत जेवलो. तिथून वर निघालो तर वळणावर पळी दिसलीच. नानांनी माझ्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा बघितला आणि त्यांचा हात खाली आला.

"लगननं जेवन व्हयी गये का?" बिचाऱ्यांनी चावीला हातही लावला नाही.

मी गाडी स्टँडला लावली. "झालं. पण नाना, आमच्याही आजोबांचा एक नियम आहे. कुणी रस्त्यात अडवलं तर जेवल्याशिवाय पुढं जायचं नाही."

नानांनी पळी काखेत मारली.

"भला मानूस व्हता तुना आजा," ते म्हणाले आणि दोन ताटं घ्यायला लगबगीने आत गेले.

आजोबांना मी कधी पाहिलेलंही नाही. पट्टा सैल केला, मांडी घातली, आणि नानांची दुसरी भाकरी संपेपर्यंत माझी पहिली पुरवून पुरवून खात राहिलो.