वाळू आत आणू नये

ईस्टरच्या जोडून आलेल्या सुटीत आमचे शेजारी नेव्हिल आणि ग्लेनिस ट्रेलोअर हे नवरा-बायको हॉर्शमहून मेलबर्न पाहायला गेले आणि ठरल्या दिवशी परत आले. मेलबर्न जागेवर होतं, असं दोघंही सांगतात.

ग्लेनिसला त्यातला फक्त समुद्र हवा होता. आमच्या गव्हाच्या मुलखात नजर जाईल तिथे धसकटं दिसतात, पाणी दिसत नाही. लग्नानंतर तिने समुद्रात पाय घातला नव्हता. "एकदा घोट्यापर्यंत बुडवते," ती मला कुंपणावरून म्हणाली होती, "मग मला मेलबर्नच काय, नेव्हिलही दाखवू नका."

अडचण ताऱ्यांची होती. मागच्या सुटीत बॅलरॅटच्या भाड्याच्या घरात त्यांनी एक चमचा न विसळता ठेवला आणि मालकाने त्यांना पाहुणे म्हणून तीन तारे दिले. हल्ली घरं भाड्याने देणाऱ्या ॲपवर पाहुण्याने घराला पाचपैकी तारे द्यायचे आणि घरमालकाने पाहुण्याला, अशी फिटंफाट असते. तीन ताऱ्यांच्या माणसाला शहरात कोणी उंबरा ओलांडू देत नाही. गावात बातमी पसरल्यावर बेकरीवाल्याने नेव्हिलला पाव चिमट्याने दिला. शेवटी मोठ्या मिनतवारीने जॅसिंटा नावाच्या बाईने आपला फ्लॅट दिला. समुद्रापासून दोन गल्ल्या अंतरावर. साफसफाईचा आकार तिने आगाऊ घेतला.

फ्लॅट आतून इतका पांढरा होता की नेव्हिलने खोकतानाही खिडकी उघडली. लगेच फोनवर निरोप आला: "स्वागत! घर आपलंच समजा. बूट बाहेर. वाळू आत आणू नये, फरशीच्या फटीत बसते." टेबलावर वाइनची एक बाटली भेट म्हणून ठेवली होती. ती त्यांनी संध्याकाळी संपवली, आणि तिथेच फसले.

इमारतीखाली चार रंगांच्या झाकणांच्या कचरापेट्या होत्या. साध्या कचऱ्यासाठी लाल, काचेसाठी जांभळी. तिला कुलूप होतं आणि वर पाटी होती की सुटीनिमित्त ही पेटी बंद राहील. नेव्हिलने जॅसिंटाला फोन केला.

"घरात ठेवू नका हं, पडद्यांना वास लागतो," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि लाल झाकणात टाकलीत तर कॅमेरा बघतो."

त्यामुळे शनिवारी मेलबर्नदर्शनाला तिघं निघाली: नेव्हिल, ग्लेनिस आणि बाटली. संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने पिशवी उघडली.

"काय रे मित्रा, सकाळी सकाळी?"

"रिकामी आहे."

"मग टाक की त्या पेटीत!"

"झाकणाचा रंग बघितलास?"

पहारेकऱ्याने पाहिलं. लाल होता. तो ओशाळला. तोही कुणाच्या तरी घरात सुटीपुरता पाहुणा राहिलेला असणार. पण बाटली आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं. मग नेव्हिल पायऱ्यांवर बाटली धरून बसला आणि ग्लेनिस एकटीच आत गेली. येणारेजाणारे त्याच्याकडे दयेने बघत होते. एका म्हातारीने तर त्याला देव आठवायला सांगितलं.

रविवारी दोघं समुद्रावर पोचली. कठड्यापाशी ग्लेनिसने बूट काढले, मोजे काढले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"ग्लेन," नेव्हिल हळूच म्हणाला. "वाळू."

"पाय धुईन ना. समोरच नळ आहे."

"ओले पाय घेऊन पांढऱ्या फरशीवर जाणार?"

"मग पुसेन!"

"कशाने? टॉवेलही पांढरेच आहेत."

"नेव्ह, तू माझ्याशी लग्न केलंयस की त्या बाईच्या फरशीशी?"

"तुझ्याशीच. पण आता आपल्याला दोन तारे मिळाले तर परत कधी येऊ इथे?"

लाट पाच पावलांवर येऊन परत जात होती. तिने बराच वेळ ती बघितली, मग मोजे चढवले. नेव्हिलने हे मला सांगितलं तेव्हा मला त्याची कीव आली, आणि रागही आला.

सोमवारी पहाटेपासून दोघांनी घर घासलं. चादरी धुतल्या, खिडक्या पुसल्या, दिव्यांवरची आधीची धूळसुद्धा झाडली. बाटली आमच्याकडे हॉर्शमला आली.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. पाच तारे! जॅसिंटाने लिहिलं होतं, "आदर्श पाहुणे. घरात कोणी राहून गेलं असं वाटलंच नाही." नेव्हिलने ते चौकटीत लावलं. आता ग्लेनिस स्वतःच्या घरातही मोरीपाशी उभी राहून पाव खाते, आणि परवा मी चहा संपवायच्या आत तिने माझा कप विसळून ठेवला.

मग ॲपने त्यांना विचारलं, समुद्र कसा वाटला? ग्लेनिसने पुष्कळ विचार केला आणि समुद्राला तीन तारे दिले. खाली लिहिलं, "वाळू फार आहे."

ते मत उपयोगी वाटल्याचे शेकडो अंगठे आतापर्यंत वर झाले आहेत. त्यातला एक माझा आहे, कारण अंगठा कोणी दिला ते घरमालकांना दिसतं आणि जूनच्या सुटीत आम्हालाही समुद्राजवळ घर हवंय. तुमचा अंगठा नाही? मग जूनमध्ये तुम्ही राहणार कुठे?