मगरीला क्ष मानू

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा गणिताच्या पेपराचा धाक मोठा होता. कारण चितळांच्या कळपाची रीतच तशी होती. गणितात जो पहिला येई, तोच वर्षभर कळपाला पाण्यावर नेई.

तळ्याला दोन घाट होते. एक उगवतीचा, एक मावळतीचा. आणि तळ्यात एक मगर होती.

त्यामुळे बगळेसरांचा क्लास जोरात चाले. सर एका पायावर उभे राहून सराव घेत. बीजगणितात मगरीला क्ष मानायचं. भूमितीत तळ्याला वर्तुळ मानायचं. संभाव्यतेत तर एकच उदाहरण शंभरदा सोडवायचं: 'घाट दोन, मगर एक. मगर भेटण्याची संभाव्यता किती?'

"एक छेद दोन!" सगळी पाडसं ओरडत.

ठिपकी नावाचं पाडस तेवढं गप्प बसे. एकदा ती उठून म्हणाली, "सर, मगर उगवतीलाच असते. तिथे बुडबुडे येतात. मी रोज बघते."

"उदाहरणात बुडबुडे दिलेत का?"

"नाही सर."

"मग ते नाहीत. जे दिलेलं नाही, ते वापरायचं नाही. बस खाली."

सर स्वतः मासे धरायला रोज मावळतीच्या घाटावर जात. तो भाग अभ्यासक्रमात नव्हता.

ठिपकीने पेपरात लिहिलं, 'उगवतीला जाऊ नये.' शून्य गुण मिळाले. गुणाजी नावाचा तरणा चितळ पहिला आला. त्याने एकही पायरी गाळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुणाजी पुढे निघाला. "दोन्ही घाट सारखेच," तो म्हणाला, आणि जवळचा म्हणून उगवतीला वळला. त्याच्यामागे ठिपकीची आई होती. ठिपकी तिला आडवी गेली.

"आई, जाऊ नको गं! बुडबुडे आलेत."

"स्वतः नापास झालीस, आणि वर पहिल्याला शिकवतेस? हो बाजूला."

दोघं पाण्यात उतरली. मगरीने गुणाजीला ओढून नेलं. आई फाटक्या कानाने परतली. मला गुणाजीचं फार वाईट वाटतं. बिचाऱ्याचं गणित अजिबात कच्चं नव्हतं.

"रडू नका," बगळेसर म्हणाले. "दोघं उतरली, एक परतलं. एक छेद दोन. ताळा जमला!"

कळपाने माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी क्लासला बसायला जागा उरली नाही.

"बघितलंस?" आई कण्हत म्हणाली. "सरांचं उत्तर बरोबर आलं. आता तरी सराव कर, बाई."

ठिपकीने त्या कानाकडे पाहिलं आणि ती मुकाट्याने सरावाला बसली. तिने क्ष मानला, वर्तुळ मानलं, शंभरदा एक छेद दोन लिहिलं. ते वर्ष कळपाने दुसऱ्या नंबराच्या मागे काढलं. ताळा अधूनमधून जमत राहिला.

पुढच्या वर्षी ठिपकी पहिली आली. ती सरळ मावळतीला वळली.

"अगं, इकडे का?" आईने विचारलं.

"गणित करून बघितलंय."

मग सगळे तिच्यामागे निघाले. आईसकट सगळा कळप पोटभर पाणी प्यायला.

घाटावर बगळेसर होतेच. तोंडातला मासा गिळून त्यांनी वडावर पाटी लावली: 'शंभर टक्के कळप सुखरूप. आमच्याच सरावाचं यश!'

तात्पर्य: डोळे सगळ्यांनाच असतात, बाळांनो, पण ते वापरायची परवानगी पहिल्या नंबरालाच मिळते. तेव्हा आधी गुपचूप एक छेद दोन लिहा.