हजीऱ्याचं ऊन

सोमवारी सकाळी नऊ वाजता शेठसमोर उभं राहायचं होतं, आणि लोटू पाटलाचा चेहरा सहा दिवस पंख्याखाली झोपलेल्या माणसासारखा दिसत होता. दिसणारच. तो खरोखरच सहा दिवस पंख्याखाली झोपला होता.

लोटू सुरतेत पर्वत पाटियाजवळ मगनशेठच्या कारखान्यात लूमवरून उतरलेलं कापड तपासायचा. ऐन मे महिन्यात शेठनं त्याला समुद्रकाठी हजीऱ्याला धाडलं. तिथल्या एका कंपनीत गणवेशाचं कापड उतरणार होतं, ते सहा दिवस उभं राहून मोजून द्यायचं होतं. लोटूला उन्हाची भारी धास्ती, चक्कर येऊन पडू असं वाटायचं. त्यानं मेव्हण्याला, विठ्ठलला, आपल्या नावावर पाठवलं आणि आपण घरात दडी मारली. शनिवारी विठ्ठलनं सहीशिक्क्याचे कागद आणून दिले आणि लगेच गावाकडच्या लग्नासाठी अमळनेरची गाडी पकडली. तिथं कसं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी ते लक्षात आलं रंजनाच्या, म्हणजे लोटूच्या बायकोच्या.

"हजीराथून येल माणूस असा दिसस का?" ती म्हणाली. "तुम्हना चेहरा तं हळद लायेल नवरदेवसारखा शे."

लोटूला कारखान्यातला दत्तू आठवला. मागच्याच महिन्यात त्यानं रजेसाठी खोटं सांगितलं, तर शेठनं त्याला त्याच दुपारी घरी बसवलं होतं. आणि लोटूची राहती खोलीही शेठच्याच चाळीत होती.

उपाय रंजनाकडेच निघाला. ती पुढच्या खोलीत बायकांच्या भुवया कोरायची, फेशियल करायची. दुबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं तिला ब्राँझरची डबी दिली होती. चेहरा उन्हात रापल्यासारखा दिसावा म्हणून लावायची ती तपकिरी पावडर दोन वर्षं तशीच पडून होती. येणाऱ्या प्रत्येकीला गोरं व्हायचं होतं.

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तिनं नवऱ्याला रंगवलं. आरशात तो झकास दिसला. पण रंजना कोर्स केलेली बाई. रंग दिवसाच्या उजेडातच पारखायचा, हे तिला ठाऊक. तिनं त्याला मावळतीच्या उन्हात दारच्या ओट्यावर नेलं, तर तिथं तो थेट विटेच्या रंगाचा निघाला. समोरच्या कलाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवून विचारलं की लोटूभाऊला पित्त उठलंय का, आणि कामरेजच्या एका वैद्याचा पत्ता आपणहून दिला.

रात्रभर लोटूला झोप नाही. सकाळी सातला रंजनानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिनं ब्राँझरमध्ये साधी पावडर मिसळून रंग फिका केला, ब्रश झटकून घेतला आणि ऊन जिथं खरोखर लागतं तिथंच फिरवला: कपाळ, नाकाचा शेंडा, गालांची वरची हाडं. मग मान गोरी राहिली म्हणून मान केली. मान केल्यावर कान फटफटीत वाटायला लागले. कानांनंतर हात आले, हातांनंतर चपलेतली पावलं. पावलांवर चपलेच्या पट्ट्यांची जागा मात्र तिनं आठवणीनं गोरी सोडली.

"आते घाम येऊ देऊ नका," ती म्हणाली.

सुरतेत, मे महिन्यात. लोटू हात अंगापासून लांब धरून, भिंतींच्या सावलीसावलीनं कारखान्यापर्यंत गेला. उन्हात रापलेला माणूस उन्हाला इतका का भितो, असं वाटेत कुणी विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

केबिनमध्ये शेठनं कोऱ्या कापडाचा तुकडा त्याच्या हातात दिला, वीण बघ म्हणून. लोटूनं तो धरला आणि त्यावर तपकिरी अंगठा उमटला. त्यानं झटकन घडी घातली. घडीवर चार बोटं उमटली.

शेठ चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

"लोटूभाई, हे काय झाला तुला?"

"हजीऱ्याचं ऊन, शेठ. सहा दिवस उभा होतो."

शेठनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की शनिवारी हजीऱ्याहून तिथल्या साहेबाचा फोन आला होता. माणूस चांगला पाठवलात, काम चोख केलं, म्हणाले. फक्त गोदामातल्या एसीची त्याला सवय नव्हती. सहा दिवस बिचारा थंडीनं कुडकुडत बसला, शेवटी ड्रायव्हरची शाल मागून घेतली.

लोटूच्या कपाळावर घाम फुटला. तो गालावरून ओघळला आणि मागं गोरी रेघ सोडत हनुवटीपर्यंत आला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खाली मान घालून त्यानं विठ्ठलपासून ब्राँझरपर्यंत सगळं सांगून टाकलं.

शेठनं कापडावरची बोटं खिडकीपाशी नेऊन पाहिली. महिन्याभरावर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि आतापर्यंत पाहिलेल्या दोन्ही पार्लरवाल्यांनी तिला पिठात बुडवल्यासारखी करून ठेवली होती. रंजनाबेनला घरी पाठव, ते म्हणाले. इतका खरा रंग लावणारी बाई त्यांना हवीच होती. लोटूला हायसं वाटलं. तेवढ्यात शेठनं पुढचं सांगितलं. उद्यापासून आठ दिवस हजीऱ्याला. या वेळी माल उघड्या मैदानात उतरणार होता, आणि जायचं होतं लोटूनं स्वतः.

लोटू गेला. आठ दिवस डोक्याला उपरणं गुंडाळून तो मैदानात उभा राहिला. नाकाचं सालडं निघालं, मानेला हात लावला की झोंबायचं, पण चक्कर काही आली नाही. नवव्या दिवशी तो छाती काढून केबिनमध्ये शिरला.

शेठ खुर्चीतून उठले. जवळ आले, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि त्याच्या गालावर दोनदा घासलं. मग ते बोट नीट निरखलं.

"वाह," ते कौतुकानं म्हणाले, "या वेळी रंजनाबेननं पक्का रंग लावलाय."