हिराआत्या कोरियाचा बाजार फिरल्या

हिराआत्या कांदाभजी कात्रीनं कापून खातात. घरात नाही, बारामतीच्या आठवडी बाजारात, गाड्यापुढं उभ्या राहून. पिशवीतून कात्री निघाली की गाडीवाला झारा हातात धरून बघतच राहतो.

"बगतोस काय? कोरियात असंच असतंय. मटन कात्रीनं, भाजी कात्रीनं. बोटं पोळत न्हायत."

भजी कचाकच कापून त्या एक तुकडा माझ्या तोंडात घालतात आणि मी तो गिळायच्या आत माझा हात ओढतात, "चल, पुढं काय हाय बगू!"

आत्या भवानीनगरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. नात्यानं त्या कुणाच्याच आत्या नाहीत, पण अंगणवाडी चालवण्यात जन्म गेल्यामुळे निम्मं गाव त्यांना आत्या म्हणतं. मालक कारखान्यात फिटर होते, ते चार वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा संदीप कोरियात, सोलला इंजिनिअर. गेल्या वर्षी सुनेच्या बाळंतपणासाठी आत्या डिंकाचे लाडू बांधून तिकडं गेल्या.

तर तिकडची रीत वेगळीच निघाली. बाळ आणि बाळंतीण पहिले पंधरा दिवस बाळंतिणींसाठीच असलेल्या एका केंद्रात. संदीप कामावर. चौदाव्या मजल्यावर आत्या आणि लाडवांचा डबा. चौथ्या दिवशी त्यांनी पत्त्याची चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचली आणि लिफ्टनं खाली उतरल्या. दोन गल्ल्या सोडून त्यांना बाजार सापडला. तीन महिन्यांत तो त्यांनी पाठ केला.

"वरनं छत गं, ऊन न्हाय, पाऊस न्हाय. मिरची आपल्यापरीस लाल, पन दम न्हाय. तांदळाच्या बोटाएवढ्या कांड्या लाल रश्शात रटरटतेत. चावल्या तर रबर, पन सोडवत न्हाय!"

एकदा कसल्याशा काळ्या गोल चकत्या त्यांनी आवडीनं खाल्ल्या. संध्याकाळी संदीपनं घाबरत सांगितलं, "आई, आतड्यात रक्त आणि शेवया भरलेल्या असतात त्या."

"मग? आपन रक्ती खात न्हाय व्हय?" आत्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाऊन आल्या.

पण त्यांचे पाय थबकले ते एका म्हातारीच्या तव्यापुढं. म्हातारी भिजवलेले मूग जात्यावर दळत होती आणि तेलात जाड धिरडी टाकत होती. "अगं, ही तर मुगाची धिरडी!" आत्या तिथंच ओरडल्या. म्हातारी दचकली, मग हसली. तिनं एक धिरडं कात्रीनं कापून पुढं केलं. दुसऱ्या दिवशी आत्या तिच्या शेजारी बसून मोड आलेले मूग निवडत होत्या. ती यांना "ओन्नी" म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. या तिला "बाई" म्हणायच्या. एकमेकींचं नाव दोघींनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

परत आल्यापासून आत्यांना घर खायला उठतं. एक दिवस इंदापूरचा बाजार, एक दिवस बारामतीचा, मधल्या दिवसांत वालचंदनगर. घेत काहीच नाहीत. नुसत्या चाखतात, नाक मुरडतात, पुढं सुटतात. सुट्टी असली की बरोबर मी. माझ्या चपलेचे अंगठे दोनदा तुटले.

गेल्या महिन्यात संदीपचा फोन आला. त्याची बदली झाली होती, जर्मनीला. आत्या दिवसभर आमच्या घरात येरझारा घालत होत्या. आमचं अंगण त्यांनी दोनदा झाडलं. शेवटी माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"संदीपला सांग, जायच्या आदी त्या बाईला एकडाव माजं तोंड दाखव. मला सांगाया लाज वाटती."

रविवारी दुपारी संदीप फोन घेऊन बाजारात गेला. इथं सकाळचे दहाच वाजले होते. मी आत्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्याशेजारी बसले होते. पडद्यावर आधी तवा दिसला, मग पीठ लागलेले हात, मग तो सुरकुतलेला चेहरा.

"ओन्नी!" म्हातारी एवढ्यानं ओरडली की संदीपच्या हातातला फोन हलला.

मग दहा मिनिटं ती कोरियनमध्ये आणि आत्या मराठीत. संदीप दोघींना अर्थ सांगत होता, ऐकत कुणीच नव्हतं. गुडघे, नातू, ऊन, जर्मनी, सगळं झालं. म्हातारी मात्र काहीतरी एकच पुन्हा पुन्हा विचारत होती.

"आई, त्या विचारतायत, जेवलीस का? इथं असंच विचारतात सगळे."

"व्हय व्हय! पोटभर!" आत्यांनी पोटावर थाप मारून दाखवली.

चूल, म्हणजे गॅस, सकाळपासून पेटलेलाच नव्हता. कट्टा कोरडा होता. फोन बंद झाला तरी तो आत्यांच्या हातातच होता.

"रोज हेच इचारायची बग. गेलं की पयलं हेच. भाषा कळत न्हवती, पन येवढं कळायचं." त्यांनी पदरानं पडदा पुसला. "मालक गेल्यापासनं कुनी इचारलंच न्हवतं गं."

एका भिंतीपलीकडं राहते मी. बाजारात त्यांच्या हातचे किती घास खाल्ले असतील! मी उठले, पिठाचा डबा शोधला आणि तवा ठेवला.

"किती टाकू भाकरी?" मी विचारलं.

"चार टाक," आत्या म्हणाल्या. "तू बी कुठं जेवलीयास अजून?"