बेळ्ळुडींच्या यूपीएसचा आवाज

बिघाड शोधणे आणि बिघाड सापडणे या दोन स्वतंत्र बाबी असून सुसंस्कृत घरात पहिलीलाच महत्त्व दिलं जातं. दुसरीमुळे मनं दुखावतात.

दावणगेऱ्यात मी ज्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो, ते कोट्रप्पा बेळ्ळुडी पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी गल्ली त्यांना अप्पाजी म्हणते. (त्यांच्या कालव्यांत पाणी कधी आलं नाही, पण कालवे सरळ होते याबद्दल दुमत नाही.) वरच्या मजल्यावर अप्पाजी, त्यांच्या पत्नी गौरम्मा, बँकेत असलेला मुलगा उमापती आणि सून वनजाक्षी. वनजाक्षीने लग्नानंतर, दोन वेळच्या स्वयंपाकाच्या फटीत, ज्वारीच्या खोडकिडीवर पीएचडीचा प्रबंध पुरा केला होता. तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती आणि ती घरबसल्या, संगणकावर व्हायची होती. वीज गेली तरी संगणक चालू राहावा म्हणून यूपीएस घेतला. त्या पेटीचं काम एवढंच.

पेटीला मागे चार सॉकेट होते. एकात संगणक लागला. उरलेले तीन रिकामे पाहून घरातल्या कोणालाच चैन पडेना. देव अंधारात बसतो हे बरं नव्हे म्हणून गौरम्मांनी देवघरातला दिवा जोडला. उमापतीने माशांच्या टाकीचा पंप जोडला. (मासे पाळल्याने बढती मिळते, असं त्याला त्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. साहेबांकडे दोन टाक्या होत्या.) अप्पाजींनी पाय चेपण्याचं यंत्र लावलं. मग दिव्याच्या जागी एक लांब बोर्ड आला आणि त्यावर दिवा व मिक्सर गुण्यागोविंदाने नांदू लागले.

यूपीएस वाजू लागला. आधी थांबून थांबून, मग सलग.

इथून बिघाडाचा शास्त्रशुद्ध शोध सुरू झाला. अप्पाजींनी कान लावून पाहिलं आणि वीज मंडळाच्या विजेतच आता पूर्वीचा दम नाही, असा निष्कर्ष काढला. उमापतीचं म्हणणं पडलं की नवीन आहे, रुळेल. गौरम्मांनी पेटीवर लिंबू ठेवलं. त्याच सुमारास अप्पाजींचे पाय चेपून झाल्याने आवाज थांबला, आणि लिंबाचा गुण सिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा वाजू लागली. कंपनीला फोन केला, तर तिथल्या मुलीने प्लग भिंतीत आहे का असं विचारलं, पेटी बंद करून चालू करायला लावली आणि शेवटी सेवेला गुण द्यायला सांगितले. तिने चार वेळा सर म्हटल्यामुळे अप्पाजींनी पैकीच्या पैकी दिले. पेटी वाजतच होती.

वनजाक्षीने मात्र टॉर्च घेऊन पेटीच्या पाठीवरचा मजकूर वाचला. शिकलेल्या बायका अशा गोष्टी करतात. संध्याकाळी मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीची भजी, खायला मलाही वर बोलावलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "अप्पाजी, मोटारीवर चालणारं काही लावू नका असं मागे लिहिलंय. मिक्सर आणि तुमचं पायाचं यंत्र काढलं तर आवाज थांबेल."

"लिहिणारे लिहितात गं," अप्पाजी मायेने म्हणाले. "मी तीस वर्षं लिहिलं. कोणी पाळलं का?"

गौरम्मा माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आता चटणीसुद्धा विचारून वाटायची." उमापतीने दोघांचंही बरोबर आहे, असं सांगून बशी पुढे ओढली.

मग काय काढता येईल यावर साधकबाधक चर्चा झाली. दिवा काढता येत नव्हता, कारण धर्म. पंप काढता येत नव्हता, कारण भूतदया. पायाचं यंत्र म्हणजे प्रकृती आणि मिक्सर म्हणजे पोट. विचारांती असं दिसलं की कोणाच्याही भावना न दुखावता काढता येईल असा फक्त संगणक आहे. उमापतीने तसं सुचवलंही. बायकोचा चेहरा पाहून सूचना मागे घेतली.

अखेर त्यानेच इंटरनेटवरून तोडगा शोधला. समोरचं बटण जरा वेळ दाबून धरलं की आवाज कायमचा बंद होतो. त्याने दाबलं. झाला. अप्पाजींनी गल्लीत पेढे वाटले.

"आवाज बंद झालाय, भार नाही," वनजाक्षी म्हणाली. तिला चहा ठेवायला सांगण्यात आलं.

परीक्षेच्या सकाळी घरात कोणीही वाईट चिंतत नव्हतं, हे नमूद करायला हवं. सुनेच्या यशासाठी गौरम्मा होळिगेचं पुरण वाटत होत्या. अप्पाजींना इतकी काळजी वाटत होती की त्यांनी दोन्ही पाय यंत्रात घातले होते. पहिला प्रश्न चांगला गेला. दुसऱ्याच्या मध्यावर वीज गेली, आणि पेटीने चकार शब्द न काढता डोळे मिटले.

जिन्यावर धावल्याचा आवाज आला. वनजाक्षी माझ्या दारात उभी होती. "काका, फोन द्या तुमचा. माझा चार्ज करायला जागाच नव्हती."

रेंज तिथेच मिळते म्हणून मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी उभं राहून तिने परीक्षा पुढे चालू केली. रायचूरच्या परीक्षक बाईंनी, मधेच काय झालं, असं विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात आवाज बंद करून ठेवला होता. त्यामुळे कळलं नाही."

बाई म्हणाल्या, "पुष्कळ घरांत ठेवतात. बोला पुढे."

ती बोलली. पीएचडी मिळाली. मग दगडावरच बसून ती पदराआड रडली. मी भाडेकरूला शोभेल असं आत निघून गेलो.

वर रीतसर चौकशी झाली. कंपनीच्या मालात आता राम राहिला नाही, विद्यापीठाने वेळ चुकीची निवडली, आणि कुटुंबाने शक्य ते सर्व केलं, असं एकमताने ठरलं. सहा सॉकेटचा मोठा यूपीएस आणला. ते सहाही त्याच दिवशी भरले. संगणक भिंतीतल्या प्लगला लागला.

वनजाक्षीला शिवमोग्ग्याच्या कृषी महाविद्यालयात नोकरी मिळाली. निकामी ठरवलेला जुना यूपीएस ती सोबत घेऊन गेली. त्याला एकच वायर लावलीय. तो उत्तम चालतो. ती महिन्यातून एकदा येते. वनजाक्षीचं घरात लक्ष नाही, असं गौरम्मा म्हणतात.

सगळा प्रकार जवळून पाहिल्यामुळे गल्लीतले लोक सल्ल्याला आता माझ्याकडे येतात. काय काढू, असं अजून कोणी विचारलेलं नाही. सगळे बटणच विचारतात. तुम्हीही इथवर त्यासाठीच आला असाल, तर ते समोरच असतं. जरा वेळ दाबून धरायचं. तुमच्या घरात कोण वाजतंय, ते मी विचारत नाही.